काना, वेलांटी आणि मोकळे खण

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त राजा शूद्रक रिकामा वेळ कसा घालवतो, याची लांबलचक यादी आहे. वीणा, शिकार, आख्यानं यांच्या जोडीला अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद आणि प्रहेलिका हे अक्षरखेळ त्यात येतात. बाण हर्षवर्धनाच्या दरबारातला, म्हणजे ७ व्या शतकाच्या पूर्वार्धातला. ‘पाच अक्षरी इंग्रजी शब्द, दुसरं अक्षर आर, शेवटचं ई’ असं मोबाइलवर टाकून शब्द हुडकणारा माणूस शूद्रकाच्या त्या बैठकीत सहज सामावला असता.

यातली बिंदुमती पाहण्यासारखी आहे. श्लोकातली व्यंजनं काढून तिथे बिंदू मांडायचे, काना-मात्रा-वेलांट्या मात्र जिथल्या तिथे ठेवायच्या, आणि समोरच्याने श्लोक ओळखायचा. वाशीम हे नाव असं लिहिलं, तर ‘०ा ०ी ०’ एवढंच उरतं. आता यात बारीक बसतं, तारीख बसते, पाटील, माहीत, नागीणसुद्धा बसते. एकट्या शब्दावर उत्तर ठरत नाही. ते वृत्ताने आणि अर्थाने ठरतं. गूढचतुर्थपादात चौथ्या चरणाची अक्षरं पहिल्या तीन चरणांत विखरून दडवलेली असतात. ‘ही अक्षरं असलेला शब्द शोधा’ या आजच्या मागणीच्या तो फारच जवळ जातो.

उदाहरणाला वाशीम उगाच घेतलं नाही. जिल्हा म्हणून ते अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळं झालं. पण वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. राजशेखराने इ.स. ९०० च्या सुमारास ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. (वात्स्यायनालाही हे गाव माहीत होतं, पण ‘कामसूत्रा’त त्याचा उल्लेख येतो तो अंतःपुरातल्या भानगडींसाठी.) विदर्भाचं नाव लाभलेली काव्यशैली, म्हणजे वैदर्भ मार्ग, दंडी या संस्कृत लेखकाने वाखाणला आणि अक्षरांवर बंधन घालून लिहिण्याची हौसही पुरेपूर भागवली. त्याच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासाच्या निवेदकाचा ओठ प्रेयसीच्या चुंबनांनी दुखावलेला आहे, म्हणून सगळी कथा प, फ, ब, भ, म असे ओष्ठ्य वर्ण टाळून सांगितली आहे. लगेच पुढच्या उच्छ्वासात विदर्भाच्या राज्याची पडझड येते. तीत वत्सगुल्माच्या वाकाटकांच्या अखेरीची आठवण आहे, असं वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मानलं.

इंग्रजी खेळाचं घराणं मात्र वेगळं. शब्दांचे चौकोन रचण्याचा नाद युरोपात रोमन काळापासूनचा. आर्थर विन या लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पुरवणीत चौकटीच्या आकाराचं कोडं छापलं, आणि तिथून शब्दकोड्यांचं पेव फुटलं. मंदीत काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कोणतं किती वेळा येतं ते काढलं आणि त्यावर पुढच्या स्क्रॅबलमधल्या सोंगट्यांची संख्या ठरवली. शोधण्याचं काम यंत्राकडे गेलं ते १९७० च्या दशकात. केन थॉम्पसनच्या ‘ग्रेप’ या आज्ञेत माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक टिंब द्यायचं असतं. बिंदुमतीची ही खूण थॉम्पसनला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. गरज सारखी, म्हणून खूणही सारखी. २०२१ मध्ये आलेल्या वर्डल या शब्द ओळखण्याच्या खेळासाठी त्याचा कर्ता जोश वॉर्डल याची जोडीदार पलक शहा हिने पाच अक्षरी सुमारे १२,००० शब्द चाळून ओळखीचे सुमारे २,५०० ठेवले. माझ्या मते तो खेळ चालला तो या चाळणीमुळेच.

मराठीत आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं आलं, तेव्हा खणात काय भरायचं हे लिपीने ठरवलं. रोमन लिपीत वाशीमला सहा खण लागतात, आपल्याकडे तीन. एका खणात ‘शी’ सबंध बसतो. जोडाक्षरही एकाच खणात. उभ्या-आडव्याच्या छेदात सोडवणाऱ्याला वेलांटीसकट अक्षर फुकट मिळतं, आणि रचणाऱ्याच्या मात्र नाकी नऊ येतात, कारण दोन्ही शब्दांत तोच ‘शी’ हवा, ‘शि’ चालणार नाही. म्हणून आपल्या कोड्यांत काळे खण जास्त. शूद्रकाच्या बैठकीत काना-वेलांट्या उघड्या आणि व्यंजन झाकलेलं असे. छापील कोड्यात दोन्ही एकदम झाकली जातात आणि एकदमच उघडतात.

गाळलेली अक्षरं भरून काढण्याची हीच विद्या वत्सगुल्माच्या एका राजाच्या कामी आली. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ४ थ्या शतकात महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे पारिजातहरणाचं काव्य लिहिलं. ते हरवलं. अलंकारग्रंथांनी, विशेषतः भोजाने, उदाहरणादाखल घेतलेले श्लोक उरले, पण नकलकारांनी त्यांतलं प्राकृत पार बिघडवलेलं होतं. वा. म. कुलकर्णी यांनी अलंकारग्रंथांतले असे प्राकृत श्लोक गोळा करून शुद्ध करण्याचं काम केलं; त्याचा पहिला खंड १९८८ मध्ये निघाला. या काव्याच्या स्कंधक वृत्तात प्रत्येक अर्धात ३२ मात्रा असतात. एखाद्या ओळीत २९ भरल्या, तर तीन मात्रांचा, शेजारच्या अक्षरांशी जुळणारा आणि अर्थाला लागणारा शब्द शोधायचा, आणि तो आपण घातलेला आहे हे कळावं म्हणून कंसात ठेवायचा.