शिसं, शेण, कुंकू : प्रस्तावना

मार्च १९६९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, कुन्स्टहाल या कलादालनात, एक समूहप्रदर्शन उघडलं : ‘व्हेन अ‍ॅटिट्यूड्स बिकम फॉर्म’. दालनाचे संचालक हाराल्ड झेमान यांनी युरोप-अमेरिकेतले तरुण कलावंत बोलावले होते आणि त्यांतल्या अनेकांनी तिथे येऊनच काम केलं. योझेफ बॉइस यांनी भिंतीच्या कडेने मार्गारीन फासलं. रिचर्ड सेरा यांनी वितळलेलं शिसं भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे भिरकावलं. लॉरेन्स वाइनर यांची कलाकृती म्हणजे भिंतीवरून खरवडून काढलेला ३६ इंच लांब-रुंद गिलावा. मायकेल हायझर यांनी तर दालनाबाहेरचा डांबरी रस्ताच लोखंडी गोळ्याने फोडून घेतला. शहर खवळलं. दालनाच्या दारात शेणखताचा ढीग टाकला गेला. त्याच वर्षी झेमान संचालकपदावरून बाहेर पडले.

रूढ माध्यमं सोडून भलत्याच वस्तूंना हात घालणाऱ्या कलेचा अभ्यास करायचा, तर मला बर्नपासून सुरुवात करावीशी वाटते. बाहेरच्या वस्तू कलेत येण्याची ती पहिली वेळ मुळीच नव्हती. पिकासोने १९१२मध्येच खुर्चीच्या वेताची जाळी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं होतं. पण ते कापड चित्राच्या आज्ञेत होतं, खुर्चीचं सोंग घेऊन गप्प बसलं होतं. बर्नमध्ये पदार्थांना आपापल्या स्वभावाप्रमाणे वागू दिलं गेलं. शिसं थिजलं ते शिशाच्या रीतीने, आणि त्या थिजण्याला येईल तो आकार कलावंताने आपला मानला.

इटलीतले जोव्हान्नी आन्सेल्मो यांची १९६८ची एक कृती या विचाराचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. ग्रॅनाइटचा एक उभा ठोकळा, त्याला तांब्याच्या तारेने बांधलेला दुसरा लहान दगड, आणि दोहोंच्या मध्ये दाबून धरलेला ताजा लेट्यूस. पाला सुकून आकसला की तार सैल होते आणि लहान दगड खाली पडतो. दगड जागेवर ठेवायचा तर पुन्हा ताजा पाला घालावा लागतो. अढळ म्हणून ज्याच्याकडे पाहावं तो ग्रॅनाइट इथे पाल्याच्या भरवशावर उभा असतो, आणि शिल्पाची निगा राखणाऱ्याला बाजारहाट करावी लागते!

पदार्थाला स्वभाव असतो, तसा इतिहासही असतो. बर्नच्या दारातलं शेण हा अपमान होता. बंगळूरच्या शीला गौडा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, देशात जमातवादी हिंसा उसळलेली असताना, रंगांकडून शेणाकडे वळल्या. इथे शेण म्हणजे सारवलेली जमीन, चुलीतली गोवरी, पूजेतलं पावित्र्य आणि या सगळ्यामागचे बाईचे राबणारे हात. पुढे त्यांनी सुयांमधून लांबच लांब दोरे ओवले, ते एकत्र करून डिंकात आणि कुंकवात माखले आणि त्यांचा लालभडक दोर दालनभर फिरवला. टोकाला सुया तशाच लोंबत ठेवल्या. त्या दोरापुढे उभ्या राहिलेल्या मराठी वाचकाला कुंकू काय असतं हे समजावून सांगायला कोणत्याही समीक्षकाची गरज नाही. ही कला दुर्बोध आहे ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. तिचं निम्मं ज्ञान आपल्या हातांना आधीपासून आहे. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यात वाढलेले प्रभाकर पाचपुते कोळशाने थेट भिंतीवर खाणकामगार रेखाटतात, तेव्हाही हेच जाणवतं.

या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न टिकण्याचा आहे. एव्हा हेस बर्नच्या प्रदर्शनात होत्या. लॅटेक्स फार काळ टिकणार नाही याची त्यांना जाणीव होती, तरी त्यांनी ते वापरलं. १९७०मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. लॅटेक्स पिवळं पडतं, कडक होतं, तडकतं. त्यांची १९६९ची ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ ही विशाल कृती कित्येक दशकं बाहेर काढता येत नव्हती; न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने तिच्यावर संवर्धनाचं काम करून २०२२मध्ये ती पुन्हा लोकांपुढे मांडली. काहींच्या मते अशी कृती नव्याने घडवावी, काहींच्या मते तिला मरू द्यावं. मला संग्रहालयाचा मार्ग योग्य वाटतो. म्हातारपण आलेली का असेना, हेस यांच्या हातची वस्तू पाहायला मिळणं मोलाचं आहे, आणि नवी प्रत पदार्थाचं वय लपवते.

या विषयात येण्यासाठी कलेच्या इतिहासाची पूर्वतयारी लागत नाही. वस्तू हाताळल्याची आठवण पुरते. पुढच्या वेळी दालनात जाल तेव्हा एवढंच करा : कृतीशेजारच्या पाटीवर कलावंताच्या नावाआधी माध्यमाची ओळ वाचा, तो पदार्थ कुठून आला, कोणी हाताळला आणि पन्नास वर्षांनी त्याचं काय होईल हे स्वतःला विचारा, आणि मगच शीर्षकाकडे वळा.