काये, राम्ब्ला आणि आदार्वे

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वही घेऊन घरी आली. स्पॅनिश शिकते आहे. "सर, रस्त्याला यांच्याकडे इतके शब्द! कुठे कोणता लिहायचा?" मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, स्पॅनिश मला येत नाही. पण अंदलूसचा इतिहास वाचता वाचता तिथले बोळ ओळखीचे झाले आहेत, म्हणून वही पुढे ओढली.

पहिलाच शब्द 'काये'. शहरातला, दोन्ही बाजूंना घरे असलेला साधा रस्ता. लिहिताना त्यात दोन 'ल' असतात, ते बघून मी एकदा वर्गात उत्साहाने सांगून बसलो होतो की ही आपली गल्लीच, अरबांबरोबर तिकडे गेलेली. साफ चूक! तो शब्द लॅटिन 'कालिस'वरून आला, म्हणजे गुरे जातात ती वाट. आपली पांदण म्हणा. अंदलूसमध्ये जे दिसेल ते अरबांचे, असे सांगायची आपल्याला खोड आहे, तीच मला नडली.

बाकीचे सोपे आहेत. रुंद, झाडे लावलेला मोठा रस्ता 'आवेनिदा'. संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचा तो 'पासेओ'. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी सडक 'कार्रेतेरा', आणि नुसती वाट 'कामिनो'.

अरबी हवी असेल तर ती वेगळ्याच ठिकाणी शोधावी लागते. 'राम्ब्ला' हा शब्द 'रमला'वरून, म्हणजे वाळू. पावसात वाहणारा आणि एरवी कोरडा पडणारा ओढा. त्याच पात्रातून लोक ये-जा करू लागले आणि पुढे तो रस्ताच झाला. बार्सिलोनाचा प्रसिद्ध रस्ता असाच. 'आर्रेसिफे' हा 'अर-रसीफ', म्हणजे फरसबंदी वाट. आज स्पॅनिशमध्ये त्याचा पहिला अर्थ समुद्रातला खडक असा आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहराचे नावही याच घराण्यातले.

मला सगळ्यात आवडतो तो 'आदार्वे'. मूळ 'अद-दर्ब'. कैरोत आजही दर्ब अल-अहमर नावाची वस्ती आहे. अंदलूसच्या शहरांत आदार्वे म्हणजे चार-सहा घरांचा, पुढे बंद असलेला बोळ. तोंडाशी दरवाजा, रात्री तो लावून घ्यायचा. रस्ता सर्वांचा, पण तेवढा तुकडा शेजाऱ्यांचा. आज शब्दकोशात बघाल तर आदार्वे म्हणजे तटावरची पहाऱ्याची वाट. बोळाचा अर्थ इतिहासकारांपाशी राहिला.

तोलेदो 1085 मध्ये कास्तीलच्या ताब्यात गेले, तरी तिथला मुख्य चौक अजून 'सोकोदोवेर'च आहे: सूक अद-दवाब, जनावरांचा बाजार. ग्रानादा पडले 1492 मध्ये. तिथल्या 'साकातीन' गल्लीचे नाव जुनेपाने विकणाऱ्यांवरून, 'सक्कातीन'वरून. शेजारची 'आल्कायसेरिया' ही रेशमाची बाजारपेठ. ती 1843 च्या आगीत जळाली आणि पुन्हा बांधली गेली. जवळच बिब-राम्ब्ला चौक, म्हणजे बाब अर-रमला, वाळूचा दरवाजा. 1500 च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसने अरबी ग्रंथांची होळी केली, ती याच चौकात असे सांगतात. ग्रंथ जळाले त्या जागेचे नाव मात्र अरबीच राहिले.

1567 मध्ये दुसऱ्या फेलिपेचा हुकूम निघाला. तीन वर्षांत मोरिस्कोंनी अरबी बोलणे-लिहिणे सोडावे, पेहराव बदलावा, हमाम बंद करावेत. फ्रान्सिस्को नुन्येझ मुलाय या वृद्ध मोरिस्कोने अर्ज लिहून शांतपणे विरोध केला. म्हातारी माणसे नवी भाषा कशी शिकतील, नावे बदलली तर घराणी कशी ओळखायची, असे त्याचे साधे सवाल होते. ऐकले नाही कोणी. 1568 च्या डिसेंबरात अल्पुखारासच्या डोंगरात बंड उठले, ते चिरडले गेले, आणि 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आले. अरबी बोलणाऱ्यांना घालवणाऱ्या राज्यात लोक साकातीनमध्ये खरेदीला जातच राहिले. नाव बदलावे असे कुणाला सुचले नसेल, किंवा त्याचा अर्थच कुणाला ठाऊक उरला नसेल. मला दुसरे जास्त खरे वाटते. आपण तरी 'मोहल्ला' म्हणताना त्यात मुक्काम टाकण्याचा अर्थ आहे हे कुठे आठवतो?

विद्यार्थिनी कंटाळली होती. "सर, पुढे बंद असलेल्या गल्लीला काय लिहू तेवढं सांगा."

म्हटले, "परीक्षेत 'कायेखोन सिन सालिदा' लिही, बाहेर पडायला वाट नसलेला बोळ. मार्क त्यालाच मिळतील. पण वलेन्सियाला गेलीस तर तिथल्या भाषेत 'आत्सुकाक' म्हणून बघ. तो अरबी 'अज-जुकाक' आहे, आणि तिथे अजून चालतो."

तिने तो शब्द समासात पेन्सिलीने लिहून घेतला.