ज्वालामुखीच्या राखेंतील लोह

इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हां रोमन पंडित प्लिनी संकटांत सांपडलेल्या लोकांना सोडविण्यासाठीं गलबतें घेऊन गेला आणि स्टाबीच्या किनाऱ्यावर मरण पावला. दाट धुरानें त्याचा श्वास कोंडला असावा, असा तर्क त्याच्या भाच्यानें इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत केला आहे. ज्वालामुखीच्या राखेचा मनुष्याच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा इतिहास येथून सुरू होतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

'राख' हें नांव मात्र फसवें आहे. चुलींतील राख हा जळलेल्या लाकडाचा अवशेष होय; ज्वालामुखीची राख म्हणजे वायूच्या जोरानें उडालेल्या व क्षणार्धांत थिजलेल्या शिलारसाचे कांचमय कण आणि खडकाचा चुरा. ती पाण्यांत विरघळत नाहीं आणि तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात.

८ जून १७८३ रोजीं आइसलंडमध्यें लाकी येथें जमिनीस भेग पडूं लागली. ती पुढें सुमारें २७ किलोमीटर लांब झाली आणि उद्रेक फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. राखेबरोबर आलेलें फ्लोरीन कुरणांवर बसलें. तें गवत खाऊन मेंढ्यांचे दांत व हाडें विकृत झालीं. बेटावरील तीन-चतुर्थांशांहून अधिक मेंढ्या मेल्या, आणि मागाहून आलेल्या दुष्काळांत सुमारें एक-पंचमांश माणसें दगावलीं. हें विष कणावर बाहेरून बसलेलें होतें. खुद्द कणाच्या अंगच्या दोषाचा विचार पुष्कळ पुढच्या काळांतला.

त्या विचाराला चालना मिळाली ती अमेरिकेंतील सेंट हेलेन्स पर्वताच्या उद्रेकानें. १८ मे १९८० रोजीं तेथें ५७ माणसें मेलीं. ज्यांची शवपरीक्षा झाली, त्यांपैकीं बहुतेकांचा श्वासमार्ग राखेनें बुजलेला आढळला. दूरदूरच्या गांवांवरहि राख पडली, आणि डॉक्टरांपुढें प्रश्न उभा राहिला, कीं पाथरवटांना व खाणकामगारांना जडणारा सिलिकोसिस येथेंहि उद्भवेल काय? वेस्ट इंडीजमधील माँटसेराट बेटावर १९९५ सालीं सूफ्रिएर हिल्स जागृत झाला, तेव्हां ही काळजी अधिक वाढली; कारण तेथील बारीक राखेंत क्रिस्टोबलाइट हें स्फटिकी सिलिकाचें रूप मोठ्या प्रमाणांत सांपडलें. यावरून सहजच असें अनुमान निघे, कीं ज्या राखेंत असा सिलिका जवळजवळ नसतो, ती बेसाल्टची काळी राख त्या मानानें निरुपद्रवी असावी.

या अनुमानाला धक्का दिला तो लोहानें. इंग्रज रसायनज्ञ हेन्री फेंटन यानें १८९४ सालीं दाखविलें होतें, कीं लोहाच्या अल्प अंशाच्या सान्निध्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडची ऑक्सीकारक शक्ति फार वाढते. त्यांतून हायड्रॉक्सिल नांवाचा अत्यंत चंचल अणुगट सुटतो, असें पुढें स्पष्ट झालें. मनुष्याच्या फुप्फुसांतील रक्षक पेशी आगंतुक कणांशीं झगडतांना हाच पेरॉक्साइड सोडतात. कणाच्या पृष्ठभागीं फेरस लोह असलें, कीं रक्षणासाठीं योजिलेलें द्रव्यच पेशींचीं आवरणें व त्यांतील जनुकद्रव्य यांस अपाय करणारें ठरूं शकतें. क्लेअर हॉर्वेल, बीचे फुबिनी प्रभृति संशोधकांनीं २००३ मध्यें माँटसेराटच्या राखेविषयीं, व २००७ मध्यें निरनिराळ्या ज्वालामुखींच्या राखेविषयीं प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लोहप्रधान बेसाल्टी राखेनें फिकट, सिलिकाप्रधान राखेपेक्षां बरेच अधिक हायड्रॉक्सिल निर्माण केले.

राख ताजी असतांना तिची ही शक्ति अधिक असते. हवापाण्यानें फेरस लोह फेरिक बनतें, आणि पृष्ठभाग शांत होतो. सह्याद्रीचा काळा कातळ आणि त्याच जातीच्या खडकापासून कालांतरानें झालेला तांबडा जांभा यांतील रंगभेद पाहिला, म्हणजे लोहाचें हें स्थित्यंतर ध्यानांत येतें.

तेंच लोह अन्यत्र उपकारकहि ठरतें. ऑगस्ट २००८ मध्यें अल्यूशियन द्वीपमालेंतील कासाटोची ज्वालामुखीची राख उत्तर पॅसिफिक महासागरांत पडली. तेथील पाण्यांत लोहाची वाण असते. ती भरून निघतांच सूक्ष्म वनस्पतींची अफाट वाढ झाली.

मात्र परीक्षानळी म्हणजे मनुष्याचें फुप्फुस नव्हे. राखेंतील लोहानें अमुक इतक्या लोकांना कायमचा रोग जडला, असें सिद्ध झालेलें नाहीं. सिद्ध झाला आहे तो अपायाचा एक संभाव्य मार्ग. परंतु राख पडल्यावर अंगण व छप्पर झाडणारा मनुष्य निर्णयाची वाट पाहत थांबूं शकत नाहीं. त्यानें राख किंचित् ओली करून मगच काढावी, तोंडावर घट्ट बसणारा गाळणीचा मुखपट वापरावा, आणि मुलांना व दमेकऱ्यांना दूर ठेवावें. राख काळी असो वा करडी, हे नियम सारखेच पाळावे.