मूस, भट्टी आणि परंपरा : जयगड ते झावर

जयपूरच्या जयगड किल्ल्यावर तोफा ओतण्याचा जुना कारखाना आजही पाहावयास मिळतो. सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत १७२० मध्ये घडवलेली ‘जयबाण’ तोफ सर्वांचे लक्ष वेधून घेते. धातू वितळवणारी भट्टी मात्र दुर्लक्षित राहते. वस्तू जपायची आणि प्रक्रिया विसरायची, ही सवय वाङ्मयेतिहासालाही आहे.

या संदर्भात उदयपूरजवळील झावर येथील जस्ताच्या भट्ट्या उद्बोधक ठरतात. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त उत्खननात तेथे एका रांगेत सात भट्ट्या आढळल्या. प्रत्येकीत मातीच्या ३६ मुशी सच्छिद्र तक्त्यांवर उपड्या मांडलेल्या असत. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. धातुकातून सुटण्यास त्याला त्याहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे ते वाफेच्या रूपातच बाहेर पडते आणि हवा लागताच पुन्हा जळते. म्हणून ती वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरवून गोठवली जाई. मूस एकदाच उपयोगी पडे. प्रत्येक भाजणीनंतर एका रांगेसाठी २५२ नव्या मुशी भरून रचाव्या लागत. भट्टीची पुनर्रचना हे तेथील नित्यकर्मच होते. वापरलेल्या मुशी गावातील घरांच्या भिंतींत लागल्या.

‘रसरत्नसमुच्चया’त वांग्याच्या आकाराची ‘वृन्ताकमूषा’ वर्णिली आहे. झावरच्या मुशी तिच्याशी जुळतात. तथापि ग्रंथातील कृती एका मुशीची आहे. शेकडो मुशी एकाच वेळी सारख्या तापविण्याचे व्यवस्थापन कारागिरांच्या हाती होते.

मराठी समीक्षा ‘मूस’ हा शब्द स्थिर, ठरीव रूपासाठी योजते. झावरची मूस याच्या उलट सांगते : मूस फुटते, प्रमाण टिकते. परंपरा पुनर्रचनेने चालते. पुनर्रचना करणारे हात पांगले की ग्रंथ शाबूत असूनही ती खंडित होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झावरच्या भट्ट्या थंडावल्या. १८१२-१३ चा दुष्काळ आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी मेवाडात माजलेली अस्थिरता, ही कारणे अभ्यासक देतात. मराठी वाचकाला हा उल्लेख टाळता येणार नाही. आपल्या ऐतिहासिक पत्रव्यवहारात राजपुतान्यातील स्वाऱ्या खंडणीच्या हिशेबाने येतात. त्या हिशेबाची दुसरी बाजू विझलेल्या भट्टीत आहे. तौलनिक अभ्यासाने दोन्ही बाजू एकत्र वाचावयास हव्यात.