पाठकण्यातील उत्तेजक
* मज्जारज्जूलगत तारा बसवून सौम्य विजेने वेदना दडपण्याचा हा उपाय अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये प्रथम केला. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाशी त्याचा संबंध जवळजवळ योगायोगाने जडला. वेदनेसाठी उत्तेजक बसवलेल्या अशा एका रुग्णाच्या हालचालीही सुधारल्याचे अल्बर्ट कुक यांनी १९७३ मध्ये नोंदवले. मूळ रोग मात्र याने थांबत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या ज्या अशक्तपणाला सोबतच्या लेखाच्या लेखिका ‘नवा झटका’ म्हणतात, तो बहुधा तापाचा परिणाम असावा : आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून उष्णतेमुळे संदेश अडतात, ताप उतरला की ताकद परतते. जुन्या उत्तेजकांमुळे एमआरआय वर्ज्य ठरे, आणि या रोगात तर तोच वारंवार लागतो; लेखिकेने ही अडचण कुठेच सांगितलेली नाही, याचे नवल वाटते. – संपा.