अकरा महिन्यांचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की, घर म्हणजे स्वतःच्या मालकीचेच घर, असे आपण धरून चालतो. त्यामुळे पंचविशी-तिशीतली मुले-मुली ‘आम्ही भाड्यानेच राहणार’ असे म्हणू लागली की वडीलधारी माणसे काळजीत पडतात. पगार बरा आहे, नवरा-बायको दोघे कमावतात, मग फ्लॅट का घेत नाहीत? ‘पैसे उडवतात, जबाबदारी नको असते,’ असा निष्कर्षही लगेच निघतो.

मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. पण मी माझगावच्या चाळीत वाढलो, पुढे कर्ज काढून मुंब्र्याला घर घेतले आणि आता माझी लेक पुण्यात भाड्याच्या घरात राहते. एकाच घराण्यातल्या या तीन तऱ्हा पाहिल्यावर मला वाटू लागले की, आजच्या मुलांना दोष देण्यापूर्वी भाड्याच्या घराचा इतिहास जरा तपासून पाहावा.

मुंबई हे मुळात भाडेकरूंचे शहर. गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी कोकणातून, घाटावरून माणसे ओढून आणली. मालकीचे घर गावाला आणि मुंबईत खोली, अशी त्यांची विभागणी होती. एकेका खोलीत एका गावची दहा-बारा माणसे राहत. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खाणावळीत. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गोदीत कामाला आले, तेव्हा अशाच गाववाल्यांच्या खोलीत उतरले. मुंबईत घर विकत घ्यावे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. कारण तशी घरे सामान्य माणसाला विकायला फारशी नव्हतीच.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांचा प्रश्न सरकारला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, काही चाळी बांधल्या. पुढे 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. सरकारने बांधलेली ही घरेही भाड्याचीच होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली आणि घरमालकांनी भाडी भराभर वाढवली. तेव्हा 1918 साली भाड्याला लगाम घालणारा पहिला कायदा मुंबईत आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, ‘बॉम्बे रेंट अॅक्ट’ म्हणून आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेला कायदा झाला. त्यात प्रमाण भाडे ठरवताना 1 सप्टेंबर 1940 ही तारीख आधार धरली होती. भाडेकरू नियमाने भाडे भरत असेल, तर त्याला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही, आणि त्याच्या पश्चात त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयालाही संरक्षण राहील, अशी ही तरतूद होती.

याचा अर्थ काय झाला, ते चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. आमच्या घरी भाडेपावत्यांचा गठ्ठा रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत असे. माझी आई त्या पेटीला दागिन्यांपेक्षा जास्त जपायची. खोली आमची नव्हती, पण तिथून आम्हाला कोणी उठवू शकत नव्हते. एकदा नाव पावतीवर चढले की ते पुन्हा कोणी विचारीत नसे. शेजारी तीन-तीन पिढ्या तेच. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ ही भाडेकरूंचीच गोष्ट आहे. पण त्या चाळीतल्या कोणालाही आपण उपरे म्हणत नाही. भाडेकरू असणे आणि अस्थिर असणे या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. भाडे गोठलेले आणि डागडुजीचा खर्च वाढता, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. जिने खचू लागले, सज्जे कोसळू लागले. अखेर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर लावून वेगळे मंडळ नेमण्याचा कायदा 1969 साली करावा लागला. कागदोपत्री भाडे वाढवता येत नाही म्हटल्यावर पागडी बोकाळली. खोलीत शिरताना एकरकमी पैसे द्यायचे, आणि खोली दुसऱ्याला देताना मालकाला त्यातला हिस्सा द्यायचा, हा व्यवहार अनेक वर्षे बेकायदा असूनही राजरोस चालला.

घरमालकांनी मग आणखी एक वाट काढली. भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा द्यायची. म्हणजे जागेवर हक्क काही नाही, राहण्याची फक्त परवानगी. पण 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी 1 फेब्रुवारीला असा परवाना घेऊन राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. राहणारे सुखावले, मालक मात्र धास्तावले. घर रिकामे ठेवू, पण कोणाला देणार नाही, ही वृत्ती तेव्हा घट्ट झाली. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. त्यामागे कारणे अनेक आहेत, पण ही जुनी धास्ती त्यांपैकी एक आहे.

भाड्याची घरे अशी आटत असताना मालकीची वाट रुंद होत गेली. गावदेवीला 1915 मध्येच सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. पुढे 1960 चा सहकारी संस्थांचा आणि 1963 चा मालकी फ्लॅटचा, असे दोन कायदे झाले. 1977 मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाला घरासाठी कर्ज मिळू लागले. आकडेच पाहा. 1961 मध्ये शहरी भारतातली सुमारे 54 टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. 2011 मध्ये हे प्रमाण जवळपास निम्म्यावर, सुमारे 28 टक्क्यांवर आले. म्हणजे ‘स्वतःचा फ्लॅट हवाच’ ही समजूत मुख्यतः आमच्या आणि आमच्या आधीच्या पिढीची आहे. ती काही पूर्वापार चालत आलेली नाही.

आमच्यासारख्यांना मालकीची ओढ वाटण्याचे आणखी एक कारण होते. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. काही वर्षांनी मीही तिथे एक खोली-स्वयंपाकघराची जागा घेतली. व्याज तेव्हा 14 टक्क्यांच्या घरात होते. निम्मा पगार हप्त्यात जायचा. पण त्याआधी भाड्याने घर शोधताना मला जो अनुभव आला होता, त्यापुढे हप्ता परवडला. जागा पसंत पडायची, भाडे ठरायचे, आणि नाव सांगितले की मालकाचा विचार बदलायचा. मी मराठीतच बोलायचो, मराठीतच कविता लिहायचो, पण दारावर भाषेपेक्षा नाव आधी पोचत असे. स्वतःच्या घरात हा प्रश्न विचारणारा कोणी नसतो, हे माझ्या मालकीच्या हौसेमागचे खरे कारण.

अर्थात विकत घ्यायला निघालेल्याचीही वाट मोकळी असतेच असे नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निकाल दिला की, सहकारी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवू शकते. पैसे असूनही प्रत्येक दार उघडेलच असे नाही, हे त्या निकालाने कायद्याच्या भाषेत सांगितले.

आता आजच्या मुलांकडे वळू. त्यांचा हिशेब साधा आहे. समजा, एक घर 1 कोटी रुपयांचे आहे. 20 लाख स्वतःचे घातले आणि 80 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 69 हजार 400 रुपये होतो. 20 वर्षांत फेड होते सुमारे 1 कोटी 66 लाखांची. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. आपल्या मोठ्या शहरांत घराचे वर्षाचे भाडे किमतीच्या ढोबळमानाने 3 टक्के धरले, तर तेच घर महिना 25 हजारांत राहायला मिळते. भाडे दरवर्षी वाढते आणि हाती काही उरत नाही, हे खरेच. पण 45 हजारांची तफावत डोळ्यांआड करता येत नाही. शिवाय व्याजदर आपल्या हातात नसतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कर्जदारांचे हप्ते किंवा फेडीची वर्षे वाढली.

दुसरे कारण नोकरीचे. गिरणीत किंवा गोदीत चिकटलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच असे. आजचा मुलगा हिंजवडीत दोन वर्षे, मग बंगळूरला तीन. वीस वर्षांच्या कर्जाला वीस वर्षांची नोकरी लागते, ती कुठे आहे? तिसरे कारण, अर्धवट इमारतींची धास्ती. पैसे भरून ताबा न मिळालेल्या कुटुंबांच्या कहाण्या या मुलांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत. 2016 चा रेरा कायदा आणि 2017 पासूनचे महारेरा यांनी थोडा धाक बसवला, पण भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या मामा-काकांना ही मुले विसरलेली नाहीत. 2020 मध्ये मुद्रांक शुल्क घटले आणि कर्जही स्वस्त झाले, तेव्हा पुष्कळ तरुणांनी घरे घेतलीही. म्हणजे मुलांना मालकीचा तिटकारा आहे असे नाही. गणित जुळले तर ती घेतात, नाही तर थांबतात.

मात्र एक गोष्ट या मुलांना सांगायला हवी. तुम्ही ज्या भाड्याच्या घराकडे परत निघाला आहात, ते तुमच्या पणजोबांचे भाड्याचे घर नाही. गोठवलेली भाडी काळाच्या ओघात गैरवाजवी ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये सांगितले. त्यानंतर महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना त्यात संरक्षण राहिले, वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा मालकाला मिळाली. नवी घरे मात्र बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’वरच दिली जातात. तिथे मुदत संपली की राहण्याचा हक्क संपला. ती मुदत अकरा महिनेच का? तर 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे होते, म्हणून पळवाट अकरा महिन्यांची. नव्या कायद्याने महाराष्ट्रात प्रत्येक करार नोंदवणे सक्तीचे केले. पळवाटीचे कारण संपले, पण अकरा महिन्यांची रीत राहिली.

माझ्या लेकीला पुण्यात घर मिळवताना पाच ठिकाणी नकार आले. एजंट फोनवर सगळे ठरवायचा आणि नाव कळल्यावर ‘मालकांच्या नात्यातले कोणी येणार आहे’ असे सांगायचा. सहाव्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घर दिले. मी तिला म्हटले, ‘बेटा, दर वर्षी हे सोसण्यापेक्षा एखादे छोटे घर घेऊन टाक.’ ती म्हणाली, ‘अब्बा, पाच दारे बंद झाली म्हणून मी वीस वर्षांचे कर्ज घ्यायचे? दाराचा दोष आहे, हप्ता मी का भरू?’ तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण माझ्या पिढीने जो मोबदला मुकाट्याने मोजला, तो मोजायला ती तयार नाही, हे मला समजले.

म्हणून ‘विकत की भाड्याने’ हा वाद मला अपुरा वाटतो. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, आणि तिथले करार सहसा बेमुदत असतात. आपल्याकडे केंद्र सरकारने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. परंतु तो स्वीकारणे राज्यांवर सोपवलेले आहे, आणि नाव ऐकून घर नाकारणाऱ्याबद्दल त्यात काहीच नाही. 1947 च्या कायद्याने भाडेकरूला स्थैर्य दिले, पण मालकाला बुडवले. आजच्या रीतीने मालकाला निर्धास्त केले आणि भाडेकरूचे बिऱ्हाड पाठीवर ठेवले. पाच-सात वर्षांचा करार, ठरलेली वाजवी भाडेवाढ आणि मुदत संपल्यावर मालकाला घर परत मिळण्याची खात्री, असा मधला मार्ग काढणे आपल्याला अशक्य नाही. कुलूप लावून ठेवलेली घरेही मग उघडतील.

मुलांनी घर घ्यावे की नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे दुसरे घर आहे, त्यांनी ते भाड्याने देताना नावाऐवजी वागणूक पाहावी आणि करार अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करून पाहावा. लेकीच्या घरमालकीणबाईंनी यंदा तेच केले आहे.