चिटाचे गुपित

दिवाळी अंक हाती घेणाऱ्या वाचकाला कथा हवी असते, कविता हवी असते, फार तर एखादे प्रवासवर्णन चालते. कापड छापणाऱ्यांच्या धंद्याची मासिके हा विषय ऐकून संपादकही क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “मास्तर, त्यापेक्षा एखादी गोष्टच द्या की!” पण गोष्टीपायीच मी या विषयात शिरलो. एका कादंबरीत मला रंगाऱ्याचे घर उभे करायचे होते. घर उभे राहिले, माणसे बोलू लागली, कढई चुलीवर चढली, आणि तिच्यात काय घालायचे तेच मला ठाऊक नव्हते! ते शोधता शोधता मी पाँडिचेरीला, तिथून फ्रान्सला आणि तिथून लँकेशायरला जाऊन पोहोचलो. अर्थात बसल्या जागेवरून, पुस्तकांच्या आधाराने. कादंबरी अपुरीच आहे. पण वाटेत जे सापडले ते सणासुदीला नवे छापील कापड घरात आणणाऱ्या वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक वृद्ध रंगारी होते. आम्ही मुले त्यांना बाबा म्हणत असू. जाजमे, पासोड्या आणि गाद्यांच्या खोळी छापण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण तुरटी किती, लोखंडाचे पाणी किती आणि कढईखालचा जाळ केव्हा ओढायचा, हे त्यांनी पोटच्या मुलालाही उघड करून सांगितले नाही. ‘बघ आणि शीक’ एवढाच त्यांचा पाठ. मुलगा पुढे एस. टी.त कंडक्टर झाला. बाबा गेले आणि त्यांचा तो लाल रंगही त्यांच्याबरोबर गेला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी जमीन नाही, सोने नाही, त्याचे सारे भांडवल म्हणजे ते गुपित. ते चव्हाट्यावर मांडून त्याने खायचे काय?

हीच रीत एके काळी साऱ्या जगात होती. आणि गंमत अशी की, ज्या गुपितासाठी सारे युरोप झुरत होते ते आपल्याकडचे होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानी चिटाने तिकडे वेड लावले. कापड सुती, हलके, आणि रंग असा की धुतला तरी जात नाही. तिकडच्या विणकरांचा धंदा बसू लागला तेव्हा १६८६ साली फ्रान्सच्या राजाने छापील सुती कापडावर बंदी घातली. आणायचे नाही आणि घरी छापायचेही नाही! १७५९ पर्यंत, म्हणजे तब्बल ७३ वर्षे ही बंदी होती. इंग्लंडातही १७०० आणि १७२० साली असेच कायदे झाले. पण बायकांच्या पोशाखावर कोणत्या सरकारची हुकमत चालली आहे? चीट चोरून येतच राहिले.

या बंदीच्या काळातच, १७३४ च्या सुमारास, बोल्यू नावाचा एक फ्रेंच जहाजी अधिकारी पाँडिचेरीला आला. पॅरिसच्या द्यूफे या रसायनज्ञाने त्याला एक काम सांगितले होते: हे रंगकाम होते तरी कसे ते पाहून लिहून आण. बोल्यूने एका कारागिराकडून आपल्यासमोर कापड रंगवून घेतले, आणि प्रत्येक पायरी झाली की त्या कापडाचा एक तुकडा कापून घेतला. ते तुकडे त्याने आपल्या हस्तलिखिताला जोडले. हिरडा आणि म्हशीचे दूध यांत भिजवलेले कापड, काळ्या रेघा ओढलेले कापड, तुरटी लावून चायमुळाच्या काढ्यात उकळलेले कापड, मेण लावून निळीत बुडवलेले कापड, असे एकापुढे एक. ते बाड पॅरिसला आजही जपलेले आहे.

इथे वाचकांना खुबी सांगितली पाहिजे. आपल्याला वाटते, लाल रंगात ठसा बुडवून कापडावर मारला की फूल लाल झाले. तसे केले तर पहिल्याच धुण्यात ते पाण्याबरोबर वाहून जाईल. खऱ्या कामात ठशाने किंवा कलमाने लागते ती तुरटी. मग सगळेच्या सगळे कापड लाल काढ्यात उकळायचे. जिथे तुरटी आहे तिथे रंग कायमचा धरतो. बाकीचा धुऊन, उन्हात टाकून उडून जातो. एवढेच ते गुपित. पण त्याच्या मागे किती पिढ्यांची नजर आणि बोटे होती!

१७४२ साली केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने कोरोमांडल किनाऱ्यावरून याच विषयावर एक लांब पत्र लिहिले. (संस्कृतचे लॅटिन-ग्रीकशी नाते आहे हे पुढे ज्यांनी दाखवले त्यांतला हाच तो केर्दू.) नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांत चीट रंगवणारे होते, त्यांना त्याने सवडीने खोदून खोदून विचारले. मिशनऱ्यांच्या पत्रांची एक माला पॅरिसहून खंडाखंडाने निघत असे, तीत हे पत्र छापले गेले. प्वाव्र नावाच्या गृहस्थाने त्यावर काही माहिती व शंका पाठवल्या. १७४७ मध्ये केर्दूने दुसऱ्या पत्रात त्यांचा परामर्श घेतला. लेख, त्यावर शंका, तिचे उत्तर, आणि हे सारे छापून कोणालाही वाचायला खुले! मला तर धंद्याच्या मासिकाची ही जन्मकुंडलीच वाटते. फक्त ज्यांनी माहिती दिली त्यांच्या हाती तो अंक कधी पडला नाही.

केर्दूच्या पहिल्या पत्रानंतर चारच वर्षांनी म्यूलूझ या गावी काही तरुणांनी कापडछपाईचा कारखाना काढला. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. म्यूलूझ तेव्हा स्वतंत्र नगरराज्य होते, फ्रेंच बंदी तिथे लागू नव्हती, हे खरे कारण. पण पुढे या गावाने जे केले ते मला विलक्षण वाटते. १८२६ साली तिथल्या कारखानदारांनी एक औद्योगिक मंडळ स्थापन केले आणि त्याचे एक नियतकालिक काढले. एकाच गल्लीत राहून एकमेकांची गिऱ्हाइके पळवणारे लोक! त्यांनी एकत्र बसून मंजिष्ठेतला लाल रंग कसा तपासावा, कोणते रंगबंधक कुठे चालते, यावर निबंध वाचावे, बक्षिसे लावावी आणि ते छापून काढावे, हे सोपे नव्हते.

मग गुपिताचे काय? त्यावर त्यांनी एक तोड काढली, ती वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. ज्याला शोध लागला त्याने तो लिहून, पाकिटात घालून, लाखेची मोहोर करून मंडळाकडे ठेवायचा. मंडळ त्यावर तारीख घाली. शोध पहिला कोणाचा हा वाद निघाला तर पाकीट साक्षीला होतेच. आणि धन्याची हरकत नसली म्हणजे कालांतराने पाकीट फोडून, तपासून, आतला मजकूर नियतकालिकात छापीत. म्हणजे गुपित राखणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच पाकिटाने होत. आमच्या बाबांना असे एखादे पाकीट मिळते तर!

या पानांतून काय काय चाले ते पाहून हसूही येते. तुरटीचा ठसा वाळला की कापड कोमट पाण्यात कालवलेल्या शेणातून काढीत. होय, गाईच्या शेणातून! न चिकटलेली तुरटी त्यामुळे सुटून येई आणि कापडाची पांढरी जागा स्वच्छ राही. मोठमोठे साहेब रसायनज्ञ या शेणाचा गुण कशात आहे यावर वर्षानुवर्षे डोके खपवीत होते.

त्यांतला एक जॉन मर्सर. ‘मर्सराईज्ड’ धोतर ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे नाव रोज अंगाला गुंडाळले आहे. १७९१ साली लँकेशायरमध्ये गरिबाघरी जन्मलेल्या या मुलाला नवव्या वर्षी बॉबिन भरण्याच्या कामाला लावले. शाळा नाही, शेजारच्या कापडछापखान्यातल्या एका कामगाराने लिहायला-वाचायला शिकवले. पुढे लग्नाचा परवाना काढायला तो ब्लॅकबर्न गावी गेला असता जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला रसायनशास्त्राचे एक खिशात मावणारे पुस्तक दिसले, ते त्याने घेतले. त्याच्या वाचनातून अँटिमनीचा नारिंगी रंग सुतावर चढवण्याची युक्ती त्याने काढली आणि त्याचे नशीब फिरले. लग्नाच्या खरेदीत एवढी फायद्याची खरेदी कोणी केली नसेल! मी शिक्षक आहे, आणि माझेही शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबलेले. त्यामुळे ही हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्या मुलाला लिहिता-वाचता येत होते, आणि पुस्तक त्याच्याच भाषेत होते. या दोन गोष्टींवर सगळे अडले होते.

मार्च १८४९ मध्ये लंडनमध्ये ‘जर्नल ऑफ डिझाइन अँड मॅन्युफॅक्चर्स’ निघाले. त्याचा कर्ता हेन्री कोल. सणाच्या शुभेच्छांचे छापील कार्ड १८४३ साली पहिल्याने विकायला काढले तेही यानेच, तेव्हा आपली दिवाळीची कार्डेही थोडीफार त्याची देणेकरी आहेत. या मासिकाची नवलाई अशी की, त्यात चित्राऐवजी खऱ्या छापील कापडाचे तुकडे हाताने डकवलेले असत. त्या काळी फोटो काळेपांढरे. रंग दाखवायचा तर कापडच दाखवले पाहिजे. आणि तुकड्याखाली अमक्या कारखान्याचे नक्षीकाम चांगले, तमक्याचे भडक, असा स्पष्ट निवाडा. मी या मासिकाची पाने संगणकाच्या पडद्यावर पाहिली. सोय मोठी आहे, पण ते तुकडे डोळ्यांसाठी नव्हतेच. दूरच्या गावच्या छापणाऱ्याने ते चिमटीत धरून पोत अजमावावा, नखाने रंग खरडून पाहावा यासाठी होते. नक्षी चोरण्याचीही सोय झालीच, हे ओघाने आले. छापील सुती कापडाच्या नक्षीला १७८७ च्या कायद्याने दोन महिन्यांचे संरक्षण होते, ते वाढत वाढत १८४२ मध्ये नऊ महिन्यांवर आले. तेवढ्यात काय कमवायचे ते कमवा!

कोल आणि त्याचे मित्र मोठे शिस्तीचे. सतरंजीवर हुबेहूब फुले काढू नयेत, कारण फुलांवर कोणी चालत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये शाळा तपासायला आलेल्या एका साहेबाच्या तोंडी हेच घालून त्याची रेवडी उडवली, एका मुलीला फुले आवडतात म्हणून ती सरळ उत्तर देते आणि साहेब रागावतो. तो साहेब कोलवरूनच बेतला असे मानतात. मी मुलीच्या बाजूचा आहे.

परंतु १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापडे मांडली गेली, तेव्हा याच मासिकात ओवेन जोन्सने त्यांची तोंड भरून स्तुती केली: नक्षी कशी असावी ते यांच्याकडून शिका. वाचून ऊर भरून आला. आणि मग लक्षात आले की ही शिकवणी लँकेशायरच्या छापणाऱ्यांना चालली होती. ज्यांची कापडे भिंतीवर टांगली होती त्यांच्या गावात तेव्हा त्याच लँकेशायरचे यंत्रावरचे चीट स्वस्तात विकले जात होते. १८६६ साली फोर्ब्स वॉटसनने तर हिंदुस्थानी कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत डकवले आणि असे २० संच केले. १३ ब्रिटनसाठी, ७ हिंदुस्थानसाठी. हिंदुस्थानातले लोक काय नेसतात ते तिकडच्या कारखानदाराला घरबसल्या कळावे, हा उघड हेतू. लुगड्याची लांबी, काठाची रुंदी, सारे त्यात होते. पाटीवर उदाहरण घालून दिल्यासारखे.

आपल्याकडे अशी पत्रे मुळीच नव्हती असे नाही. १८९० साली मुंबईत ‘इंडियन टेक्स्टाइल जर्नल’ निघाले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रसायन-तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला आणि रंगशास्त्र शिकलेली मुले गिरण्यांत गेली. पण हे सारे इंग्रजीत, गिरणीच्या साहेबाच्या टेबलावर. मराठीत धंद्याचे पत्रक वाचनीय होऊ शकते हे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढून दाखवले, आणि त्या कारखान्याच्या खबरपत्राचे पुढे केवढे मोठे मासिक झाले ते जुन्या वाचकांना सांगायला नको. मात्र नांगराचे जसे झाले तसे कढईचे झाले नाही. रंगाऱ्याच्या दारी पोहोचली ती पुडीच्या रंगाची पुडी. वर छान चित्र, आत तयार रंग. का आणि कसे ते त्यावर लिहिलेले नसे.

बोल्यूच्या बाडाची कथा मात्र इथे संपत नाही. १९४९ साली अहमदाबादला कॅलिको संग्रहालय स्थापन झाले. त्यांनी हिंदी वस्त्रांच्या इतिहासाचे एक इंग्रजी नियतकालिक काढले, ते १९५५ ते १९६७ पर्यंत चालले. त्याच्या १९५६ आणि १९५७ च्या अंकांत पी. आर. श्वार्ट्झ या अभ्यासकाने बोल्यू आणि केर्दू यांचे ते फ्रेंच कागद इंग्रजीत उतरवून छापले. पाँडिचेरीहून गेलेला हिरड्या-तुरटीचा हिशोब सुमारे सव्वादोनशे वर्षांनी हिंदुस्थानात परत आला.

त्यातल्या पायऱ्या मी मराठीत लिहून काढल्या. चायमूळ इकडे मिळेना म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा आणली, आणि गेल्या उन्हाळ्यात आठवीच्या चार मुलांना घेऊन शाळेच्या मागच्या अंगणात चूल मांडली. मांजरपाटाचा तुकडा हिरड्यात भिजवला, वाळवला, त्यावर तुरटीच्या पाण्याने एकाने मोर काढला आणि दुसऱ्याने आपले नाव. उकळून, धुऊन, तीन दिवस उन्हात टाकल्यावर मोर लाल राहिला. नावाची दोन अक्षरे पुसट आली, कारण तिथे तुरटी कमी पडली होती. मुलांनी ते तुकडे कापून वहीत डकवले आहेत आणि प्रत्येकाखाली पाणी किती, तुरटी किती, ऊन किती दिवस, असे लिहिले आहे.